कोल्हापुरात कॉलेजच्या फुटबॉल संघाचे नवे प्रशिक्षक झालात, तर पहिला हंगाम असा काढा

कोल्हापुरात एखाद्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाची जबाबदारी नव्याने घेणाऱ्या प्रशिक्षकाने एक गोष्ट पहिल्याच दिवशी मान्य करावी, म्हणजे पुढचे बरेच त्रास वाचतात. हा संघ त्याचा नसतो. ट्रायलला येणारी मुले आधीच कोणाची तरी, म्हणजे पेठांतल्या तालमींच्या आणि क्लबांच्या फुटबॉल संघांची, असतात. कोणी पाटाकडील तालमीचा, कोणी दिलबहारचा, कोणी बालगोपालचा, कोणी खंडोबा तालमीचा, तर कोणी प्रॅक्टिस क्लबच्या राखीव फळीतला. पेठेतल्या थोरल्या खेळाडूने यांना बूट बांधायला शिकवलेले असते आणि घरातल्या दोन पिढ्या त्याच रंगाच्या जर्सीसाठी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत घसा बसेपर्यंत ओरडलेल्या असतात. महाविद्यालयाला हा खेळाडू वर्षातले जेमतेम आठ-दहा आठवडे मिळतो, आणि तेही उसना. उसनी आणलेली वस्तू जपून वापरावी आणि धडधाकट परत करावी, हा जो घरगुती नियम आहे, त्याच नियमाने हा हंगाम आखावा, असे माझे मत आहे.

आधी कागद

जुलैत प्रवेश पूर्ण होत आले की नव्या प्रशिक्षकाला मैदानावर उतरण्याची घाई होते. मलाही झाली होती. पहिल्या वर्षी माझ्याकडे एक फार चांगला हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, होता. बारावीनंतर त्याचे एक वर्ष वाया गेले होते आणि आधीच्या महाविद्यालयाचा दाखला त्याने आणून दिला नव्हता. ‘उद्या आणतो सर’ या तीन शब्दांवर मी तीन आठवडे काढले. पात्रता अर्जांची मुदत संपली तेव्हा त्याचा अर्ज माझ्याच टेबलाच्या खणात होता. पहिल्या सामन्याला तो पोरगा साध्या शर्टात बाकावर बसला, मधली फळी उघडी पडली आणि आम्ही १-० असे हरून दुपारच्या चहाला घरी आलो. दोष पूर्णपणे माझा होता.

म्हणून ट्रायलच्या आधीच महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांबरोबर, म्हणजे आपल्या बोलीत जिमखान्याच्या सरांबरोबर, तासभर बसावे आणि त्या वर्षीची विद्यापीठाची नियमावली ओळीने वाचावी. शिवाजी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा अशा तीन जिल्ह्यांचे आहे. महाविद्यालयीन संघ आधी आपल्या विभागात खेळतो, नंतर आंतरविभागीय सामने होतात आणि त्यांतून निवडलेले खेळाडू विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात. आंतरविद्यापीठ पातळीवर वयाची २५ वर्षांची मर्यादा असते, त्यामुळे पदव्युत्तर वर्गातला अनुभवी खेळाडू हाती आला, तर आनंद होण्यापूर्वी त्याची जन्मतारीख पाहावी. दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, आधीच्या महाविद्यालयाचा दाखला, ओळखपत्र आणि छायाचित्रे एवढे सगळे ज्याने आणले त्यालाच ट्रायलचा बिब द्यावा. हे कडक वाटते, परंतु याचा लाभ असा की कागद वेळेवर आणणारा मुलगा सरावालाही वेळेवर येतो, हे माझ्या पुढच्या वर्षांत वारंवार दिसले.

पहिले तीन आठवडे आपली हुशारी खिशात ठेवा

नवा प्रशिक्षक आला की नवी रचना आणतो. दूरचित्रवाणीवर पाहिलेली ४-३-३, मागून छोट्या पासांनी चढाई उभारणे, चेंडू गेला की लगेच झडप घालणे, हे सगळे त्याच्या वहीत तयार असते. ती वही तीन आठवडे उघडू नये. आठ-दहा आठवड्यांच्या हंगामात नवी रचना अंगवळणी पडेपर्यंत स्पर्धा संपलेली असते, आणि बहुतांश सामने बाद पद्धतीचे असल्यामुळे चूक सुधारायला दुसरा सामना मिळेलच असे नाही. मुले आपापल्या तालमींत ज्या पद्धतीने खेळतात, त्यांतले जे सर्वांत समान आहे ते उचलावे. माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा साधे ४-४-२, म्हणजे चार बचावात, चार मधल्या फळीत आणि दोन पुढे, असे निघते, कारण स्टॉपर (मधला बचावपटू), हाफ, विंग आणि फॉरवर्ड हे शब्द प्रत्येकाच्या कानात आधीपासून असतात आणि जागेवरून वाद होत नाही.

ट्रायल एका दिवसात उरकू नये. दोन दिवस घ्यावी. पहिल्या दिवशी काहीही न सांगता छोट्या मैदानावर सात-सात जणांचे, वीस-वीस मिनिटांचे सामने लावावेत आणि प्रशिक्षकाने शिट्टी दुसऱ्याच्या हातात देऊन वही घेऊन बाजूला बसावे. चेंडू पायात असताना कोण कसा खेळतो हे सगळेच पाहतात, म्हणून ते शेवटी पाहावे. आधी हे टिपावे की चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच पावलांत तो मुलगा काय करतो: कमरेवर हात ठेवून उभा राहतो, साथीदाराकडे पाहून हात उडवतो, की मागे पळतो. दुसरे म्हणजे, चेंडू येण्यापूर्वी तो खांद्यावरून एकदा मागे पाहतो का. तिसरे, तो बोलतो का. माझ्या वहीत ‘म’, ‘ख’ आणि ‘ब’ अशा तीन खुणा असतात, म्हणजे मागे पळतो, खांद्यावरून पाहतो, बोलतो; ज्याच्या नावापुढे तिन्ही आल्या, तो मुलगा कितीही साधा खेळत असला तरी अठरा जणांत बसतो.

ट्रायलला निम्मी मुले स्वतःला फॉरवर्ड म्हणवून घेतात. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, तेव्हा या पोरांना कोणत्या तोंडाने नाही म्हणावे! नाही म्हणण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांना बचावफळीत खेळवावे. जो फॉरवर्ड स्वतः फॉरवर्डच्या चाली ओळखतो तो उत्तम साइड बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, होऊ शकतो, आणि महाविद्यालयीन संघांत खरी टंचाई साइड बॅकचीच असते. गोलरक्षक मात्र असा बनवता येत नाही. तो एकच असेल तर दुसरा शोधेपर्यंत झोपू नये. हँडबॉल आणि बास्केटबॉलच्या संघांत जाऊन चेंडूला न घाबरणारा एखादा उंच मुलगा मागून आणावा.

पेठ ड्रेसिंग रूममध्येही येते

बाहेरगावाहून आलेल्या प्रशिक्षकाला एक प्रकार पहिल्या आठवड्यात कळत नाही. चेंडू उजवीकडून डावीकडे जाताना नेमका एका खेळाडूला टाळून जातो. तो मोकळा असतो, हात वर करून मागत असतो, तरीही पास दुसऱ्याला जातो. चौकशी केली की समजते, मागच्या मोसमात या दोघांच्या तालमी समोरासमोर आल्या होत्या, टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किकवर, निकाल लागला होता आणि मैदानाबाहेर थोडी धराधरी झाली होती. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, १९४० पासून या शहराचे फुटबॉल सांभाळते आहे. तेवढ्या वर्षांची ईर्षा एका महाविद्यालयाच्या जर्सीने झाकली जाईल, ही अपेक्षा धरू नये.

भाषण देऊन हे सुटत नाही. मी एकदा ‘आपण सगळे एक आहोत’ या विषयावर वीस मिनिटे बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या दहा मिनिटांच्या खेळात त्या दोघांमध्ये एकही पास झाला नाही. त्यानंतर मी बोलणे बंद करून जोड्या बदलल्या. त्या दोघांनाच स्टॉपरची जोडी केले. स्टॉपरच्या जोडीला रुसवा परवडत नाही. एक पुढे चेंडूवर गेला की दुसऱ्याने मागची जागा धरावीच लागते, आणि न धरल्यास गोल दोघांच्या नावावर लागतो. सरावाला मी त्यांना एक नियम घातला की चेंडूवर जाणाऱ्याने ‘माझा’ आणि मागे थांबणाऱ्याने ‘आहे’ असे मोठ्याने म्हणायचेच, न म्हटल्यास दोघांनी मिळून मैदानाला एक फेरी. पहिल्या दिवशी सात फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला ते पळता पळता एकमेकांशी भांडत होते. निदान बोलत तरी होते.

याच काळात संध्याकाळी वेळ काढून तालमींत जाऊन यावे. महाविद्यालयाने पत्र पाठवून खेळाडू मागणे वेगळे आणि प्रशिक्षकाने स्वतः कट्ट्यावर बसून चहा घेणे वेगळे. एका तालमीतल्या बुजुर्गांनी मला सांगितले होते, “सर, पोरगं घेऊन जावा, पण पाय हाय तसा परत आणा.” त्यात धमकी नव्हती, त्या मुलाच्या पायावर त्यांचा पुढचा मोसम उभा होता. त्यांच्याकडून दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: महाविद्यालयाच्या सामन्याआधीच्या ४८ तासांत त्या मुलाला तालमीच्या सरावात पूर्ण ताकदीने खेळवू नये, आणि दुखापत झाली तर दोन्हीकडच्यांनी एकमेकांना त्याच दिवशी कळवावे.

पावसातला सराव

कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट ज्याने पाहिला आहे त्याला मैदानाचे वर्णन सांगायला नको. गांधी मैदानासारख्या सखल मैदानावर पाणी साचले की तिथे चेंडू घरंगळत नाही, थांबतो. अशा वेळी गोलकिकवरून गोलरक्षकाने शेजारच्या स्टॉपरला छोटा पास देण्याची हौस मोडून काढावी. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची अट राहिलेली नाही, त्यामुळे टीव्हीवर सगळे मोठे संघ तसे करतात. परंतु त्यांचे मैदान गालिच्यासारखे असते आणि आपल्याकडे त्याच जागी घोट्याएवढे डबके असते. पावसात चेंडू उंच, लांब आणि विंगच्या कडेने जावा, आणि हवेतून खाली पडलेल्या मोकळ्या चेंडूवर आपला हाफ आधी पोहोचावा, एवढीच योजना पुरते.

पंपाबरोबर दाब मोजण्याचा काटाही घ्यावा. पाच नंबरच्या चेंडूचा दाब ०.६ ते १.१ वातावरण, म्हणजे काट्यावर साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय असावा लागतो. अंगठ्याने दाबून पाहणाऱ्या मुलांचे चेंडू बहुतेक वेळा त्यापेक्षा मऊ निघतात आणि सामन्यातला टणक चेंडू मग पायावरून उडतो. चिखलासाठी लांब स्टडचे बूट लागतात, आणि एकच जोड असलेली मुले संघात असणारच. जिमखान्याच्या खर्चातून नव्या ट्रॅकसूटऐवजी चार-पाच जोड बूट घ्यावेत, असा आग्रह मी दरवर्षी धरतो. दरवर्षी ट्रॅकसूटच येतात.

वॉर्म-अपसाठी स्वतःची कल्पकता लढवण्याची गरज नाही. ‘फिफा ११+’ नावाचा पंधरा व्यायामप्रकारांचा, वीस मिनिटांचा क्रम तयार आहे: आधी आठ मिनिटे हळू धावण्याचे प्रकार, मग दहा मिनिटे ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटे वेगाने धावणे. नियमाने केल्यास दुखापती लक्षणीय कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. मांडीच्या मागच्या स्नायूचा त्यातला व्यायाम, ज्यात गुडघ्यांवर उभ्या असलेल्या मुलाचे घोटे जोडीदार धरतो आणि तो हळूहळू पुढे झुकतो, पोरांना पहिल्या आठवड्यात नकोसा होतो. तो सोडू देऊ नये.

दुखापतीबाबत तालमीच्या संस्कृतीशी एका ठिकाणी भांडावे लागते. घोटा मुरगळला की इथे पहिला उपाय म्हणजे गरम तेलाची मालिश, आणि ती करणारे हात प्रेमाचे असतात. परंतु ताज्या दुखापतीत पहिले दोन-तीन दिवस मालिश आणि शेक टाळावा, कारण आतला रक्तस्राव आणि सूज त्याने वाढते. पाय उंच ठेवावा, पट्टी बांधावी, बर्फ कापडात गुंडाळून लावावा, आणि पायावर भार देता येत नसेल तर सरळ एक्स-रे काढावा. डोक्याला मार लागून चक्कर आलेला, गोंधळलेला किंवा उलटी झालेला मुलगा त्या दिवशी पुन्हा मैदानात जात नाही आणि त्याला डॉक्टरांकडे न्यायचे असते, मग गोलफलक काहीही असो.

खुराकाची चिंता मात्र फार करू नये. कुस्तीच्या या गावात दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ यांचे महत्त्व पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळते. सामन्याच्या दिवशी सकाळी मिसळ नको, एवढे सांगितले की पुरे. तेही सगळे ऐकतील असे नाही.

गणपती, परीक्षा आणि पायांचा हिशेब

स्पर्धेचे वेळापत्रक हाती आले की ते पंचांगाशेजारी ठेवावे. गणेशोत्सवात निम्मा संघ मंडळाच्या कामात असतो, आणि विसर्जनाची मिरवणूक इथे दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या रात्री जो मुलगा झांजपथकात बारा तास उभा होता, त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी सराव मागणे हे वेळ आणि स्नायू दोन्ही फुकट घालवणे आहे. मी ते दोन दिवस सुट्टीच देतो आणि तिसऱ्या दिवशी हलका सराव ठेवतो. सत्र परीक्षा जवळ आली की सराव पहाटे साडेसहाला घ्यावा आणि तासाभरात संपवावा.

मुलाचे पाय नेमके किती थकले आहेत हे ओळखण्याची एक सोपी पद्धत आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारावे की आजचे कष्ट शून्य ते दहामध्ये किती, आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणावे. ९० मिनिटांचा सराव आणि कष्ट ७, तर त्या दिवसाचा भार ६३०. तालमीत खेळला असेल तर तोही आकडा त्यात मिळवावा. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा एकदम दीडपट झालेली दिसली, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाला चेंडू गोळा करायला उभे करावे. आकडे सुरुवातीला खोटे येतात, कारण संघातून वगळण्याच्या भीतीने सगळेच ‘तीन’ म्हणतात. कमी आकडा सांगून संघात जागा मिळत नाही, हे दोन आठवड्यांत उमगले की खरे आकडे यायला लागतात.

टायब्रेकर आणि थ्रो-इन: वेळ इथे घालवा

बाद पद्धतीच्या स्पर्धेत, ओल्या मैदानावर, सारख्या ताकदीचे दोन संघ आले की सामना पुष्कळदा टायब्रेकरवर जातो, आणि तरीही त्याचा सराव शेवटच्या पाच मिनिटांत हसतखेळत उरकला जातो. पेनल्टीचा सराव थकलेल्या पायांनी करावा. संपूर्ण संघ मध्यरेषेवर उभा करावा, एकेकाने एकट्याने चालत जावे, चेंडू स्वतः ठेवावा आणि बाकीच्यांनी त्याला वाटेल ते बोलावे. त्या चाळीस-पन्नास पावलांच्या चालीतच किक चुकते. गोलरक्षकाला सांगावे की किकच्या क्षणी त्याचा निदान एक पाय गोलरेषेवर, तिच्या सरळ वर किंवा तिच्या मागे असला पाहिजे. किक मारणाऱ्याला सांगावे की धावताना हुलकावणी चालते, धाव संपल्यावर थांबून दिलेली हुलकावणी मात्र पिवळे कार्ड मिळवून देते. आणि प्रशिक्षकाने स्वतः हे लक्षात ठेवावे की सामना संपताना जे मैदानात आहेत तेच टायब्रेकरमध्ये मारू शकतात. शेवटच्या पाच मिनिटांत दमला म्हणून बाहेर काढलेला उत्तम किकर नंतर आपल्या शेजारी उभा राहून नखे खात असतो. हे दृश्य मी पाहिले आहे.

थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसते, हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि कोणी वापरत नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या कॉर्नरजवळ थ्रो-इन मिळाला की एका फॉरवर्डने बचावफळीच्या मागे खुशाल उभे राहावे. पावसात पायाने टाकलेल्या चेंडूपेक्षा हाताने फेकलेला चेंडू जास्त नेमका जातो, त्यामुळे लांब फेकणारा एक मुलगा शोधून त्याला आठवड्यातून दोनदा, टॉवेलसकट, वीस-वीस थ्रो द्यावेत.

सामन्याचा दिवस

इथे कोल्हापूरची गोष्ट उलटी आहे. इतर ठिकाणी प्रशिक्षकाला मुलांची गर्दीची भीती घालवावी लागते. आपल्या मुलांना गर्दी नसल्याची अडचण होते. शाहू स्टेडियमवर हजारो लोकांपुढे, हलगी आणि शिट्ट्यांच्या कल्लोळात खेळलेला पोरगा मंगळवारी दुपारी दोनला, चार शिक्षक आणि एका चहावाल्यासमोर उतरतो आणि त्याचे अंगच तापत नाही. माझ्या संघाने पूर्वार्धात गोल खाऊन मग जागे होण्याचा प्रकार सलग तीनदा केला, तेव्हा मी वॉर्म-अपच्या शेवटी पाच मिनिटांचा चुरशीचा सामना ठेवायला लागलो: चौकोनात चार विरुद्ध चार, दोन-दोन स्पर्श, हरणाऱ्यांनी जाळ्या काढायच्या. राखीव खेळाडूंना आवाज काढण्याचे काम वाटून दिले. ते त्यांनी अपेक्षेपेक्षा फार मनावर घेतले आणि एकदा पंचांनी येऊन समज दिली. २०१९ पासून पंच प्रशिक्षकालाही पिवळे आणि लाल कार्ड दाखवू शकतात, हे स्वतःला बजावून बाकाजवळच थांबावे.

मध्यंतर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नसते. त्यातली पहिली पाच मुलांना पाणी पिऊ द्यावीत, धापा टाकू द्याव्यात, आपसात बोलू द्यावे; ती काय बोलतात हे ऐकले की बहुतेक वेळा आपल्याला सांगायचे निम्मे त्यांनीच सांगितलेले असते. मग दोनच गोष्टी सांगाव्यात. तिसरी सांगितली की पहिली विसरली जाते.

परत करताना

स्पर्धा संपली, आपण हरलो किंवा विद्यापीठाच्या संघात आपले दोघे-तिघे निवडले गेले, की केएसएच्या मोसमाची चाहूल लागते आणि मुले आपापल्या पेठेकडे वळतात. त्याआधी जर्सी मोजून, धुऊन जमा कराव्यात. प्रत्येक मुलाच्या नावे वहीचे एक पान लिहावे: कोणत्या जागी खेळला, किती मिनिटे, कुठे दुखले, अजून काय दुखते. त्या पानाची नक्कल घेऊन पुन्हा एकदा तालमीत जावे. मी गेलो तेव्हा त्या बुजुर्गांनी पान वाचले नाही; पोराला बोलावले, उकिडवे बसवले, घोटा दोन्ही हातांनी फिरवून पाहिला आणि मला म्हणाले, “बसा सर, चहा सांगतो.”